शोरूमकाकांची बदली गाडी

जव्हारला खोली भाड्यानं घेतली त्या दिवशी मला खोलीबरोबर एक जोड चपलाही मिळाल्या. पुरुषी, दहा नंबरच्या. माझी एक चप्पल एसटीतून उतरताना तुटली होती आणि मी ती हातात धरून घरमालकांच्या दारात उभी होते. त्यांनी आधी चप्पल पाहिली, मग मला पाहिलं. "तुमची दुरुस्त होऊन येई तोवर ह्या वापरा. कस्टमरनं अनवाणी फिरायचा नाय," असं म्हणून त्यांनी माझी तुटकी चप्पल वर्तमानपत्रात गुंडाळली, पुडक्यावर पेनानं माझं नाव लिहिलं आणि स्वतः चांभाराकडे घेऊन गेले. भाडं किती, पाणी कधी येतं, यातलं काहीच बोलायचं राहून गेलं. मी त्या होड्यांमध्ये पाय घालून संध्याकाळपर्यंत खोली झाडत होते.

गावात त्यांना शोरूमकाका म्हणत. मूळचे दाभोशाचे, नदीकाठचे. मुंबईत एका परदेशी गाड्यांच्या शोरूममध्ये ते अकरा वर्षं ड्रायव्हर होते. पण तिथला ड्रायव्हर म्हणजे साहेबाला घेऊन फिरणारा नव्हे. श्रीमंत गिऱ्हाइकाची गाडी सर्व्हिसिंगला आली की ती त्याच्या बंगल्यावरून आणायची, तेवढे दिवस त्याला वापरायला शोरूमची दुसरी गाडी तिथं ठेवायची आणि काम झालं की धुऊनपुसून त्याची गाडी परत नेऊन द्यायची. अकरा वर्षं त्यांनी एकाहून एक महागड्या गाड्या चालवल्या आणि प्रत्येकीत ते एकटेच होते. मुंबई सोडून त्यांनी जव्हारला गॅरेज टाकलं. माझी खोली त्या गॅरेजच्या मागेच होती. तिथं दुरुस्तीला येत मोखाडा लाइनच्या माणसं भरून नेणाऱ्या वडाप जीपा, क्वचित एखादा टेम्पो, आणि काका त्यांना तीच सेवा देत. अगदी तीच! एक सवलत कमी नाही.

म्हणजे मोखाड्याच्या कुणाची जीप बिघडली की काका स्वतः तिथं जात. जाताना बदली गाडी नेत. ती एक जुनी, करड्या रंगाची जीप होती, तिचं छत दोन ठिकाणी वेगवेगळ्या पत्र्याचं होतं, पण पुढच्या काचेमागे वर्तमानपत्राचे नीट चौकोन कापून भरलेला पुठ्ठ्याचा डबा असे. शोरूमच्या गाडीत तोंड पुसायचे मऊ कागद ठेवतात, त्याची ही जव्हारी आवृत्ती. गाडी परत देताना सीटवर एक फूल आणि एक लिमलेटची गोळी. गॅरेजच्या दारात एक बाक, त्यावर धुतलेली चादर, आणि बसणाऱ्याला न विचारता कोरा चहा. त्या बाकाला ते 'लाउंज' म्हणत. लाउंजमध्ये बहुतेक वेळा शेजारची म्हैस येऊन अंग घासे, पण तिलाही काका हाकलत नसत, "वेटिंगला हाय" म्हणत.

आणि फॉर्म! मुंबईहून येताना त्यांनी शोरूमच्या फॉर्मची झेरॉक्स आणली होती. त्यावर चारी बाजूंनी काढलेलं एका लांबलचक परदेशी गाडीचं चित्र होतं. गाडी ताब्यात घेताना तिच्याभोवती फिरायचं आणि असेल तो ओरखडा, पोचा त्या चित्रावर खुणेनं दाखवायचा, म्हणजे नंतर भांडण नको. मुंबईत एका गाडीला दोन नाहीतर तीन खुणा होत असतील. मोखाडा लाइनच्या जीपला? मी स्वतः पाहिलेली गोष्ट सांगते. एक जीपवाला सकाळी आठला आला, काका पेन्सिल घेऊन गाडीभोवती फिरायला लागले, ते दहा वाजले तरी डाव्याच बाजूला होते. चित्र काळंभोर झालं होतं. जीपवाला बिचारा लाउंजमध्ये म्हशीशेजारी चौथा चहा पीत होता. शेवटी काकांनी नवा कागद घेतला आणि त्यावर उलटी रीत काढली, जिथं गाडी धड आहे तेवढ्यावरच खूण. खूण एकच झाली, उजव्या बाजूच्या आरशावर. "हा आरसा नवा हाय," जीपवाला अभिमानानं म्हणाला. पुढं सगळ्यांसाठी तीच पद्धत पडली.

बदली द्यायचं वेड गाड्यांवर थांबलं असतं तर मी हे लिहायला बसलेच नसते. कुणाची कुठलीही वस्तू नादुरुस्त झालेली काकांना बघवत नसे. माझा स्टोव्ह बिघडला, बदली स्टोव्ह आला. पोस्टमनचं घड्याळ बंद पडलं, काकांनी आपलं मनगटावरचं काढून दिलं. शेजारच्या काकूंचा कोंबडा मुंगसानं नेला, तर संध्याकाळी काका आपला कोंबडा काखेत घेऊन त्यांच्या दारात हजर, "नवा आणाल तोवर ह्यो उठवील." पावसाळ्याआधी माझ्या खोलीवरचे पत्रे बदलायचे होते, तर मला बदली खोली मिळाली, ती त्यांची स्वतःचीच. आठ दिवस ते जीपमध्ये झोपले. मी संकोचानं अर्धी झाले, तर मलाच दटावलं, "माल रिपेरला घेतला तर कस्टमर रस्त्यावर ठेवायचा काय?"

गंमत अशी की ही फुकटची सेवा आमच्या भागातल्या लोकांना फुकट घेताच येईना. इथं जुनी रीत आहे. एकाचा बैल लंगडा झाला तर तो दुसऱ्याचा बैल नेतो, आणि बदल्यात एक दिवस त्याच्या शेतावर राबतो. नेलेला बैल परत करताना पोट भरून, धुऊन द्यायचा. तेव्हा काकांची बदली गाडी नेलेला माणूस ती नदीवर घासून, टाकी भरून, वर टपाला झेंडूची माळ बांधून परत आणी. आणि लावणीच्या दिवसांत असे पंधरा-वीस जण न बोलावता दाभोशाला काकांच्या शेतात उतरत. काका धावत तिथं गेले. मी त्या रविवारी सोबत होते. बांधावर उभे राहून ते ओरडत होते, "अरे, ही शोरूमची सवलत हाय! हिचा काय द्यायचा नसतो!"

चिखलातून एक म्हातारा वर न बघता म्हणाला, "तुझा बैल नेला ना? मंग दिवस नको देऊ? आमाला काय चोर समजलास?"

काकांनी पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि स्वतःच्याच शेतात पाहुण्यासारखे एका कोपऱ्यात रोपं लावायला लागले. दाभोशात त्यांचं शेत दर साली सगळ्यांच्या आधी लागे.

गिऱ्हाइकाच्या गाडीबद्दल मात्र त्यांचे तीन नियम होते आणि तिथं चेष्टा चालत नसे. सीट जशी असेल तशीच ठेवायची, पुढंमागं सरकवायची नाही. काका चांगले उंच, त्यामुळे बुटक्या मालकाची जीप आणताना त्यांचे गुडघे कानाशी येत. टेप-रेडिओला हात लावायचा नाही. आणि तिसरा, सगळ्यात मोठा: गिऱ्हाइकाच्या गाडीत दुसरं माणूस बसवायचं नाही. आता विचार करा, मोखाड्याहून जव्हारपर्यंतचा रस्ता, दर वळणावर डोक्यावर बोचकी घेतलेली माणसं उभी, आणि काका दहा माणसांची रिकामी जीप घेऊन त्यांच्यासमोरून जातायत. जाताना स्टिअरिंगवरचा एक हात उचलून कपाळाला लावायचे, माफी म्हणून. लोक शिव्या घालत. आमच्याकडे जीप रिकामी जाते ती फक्त मयत आणायला.

एकदा मी त्यांना यावरून छेडलं. म्हटलं, "काका, एवढा कडक नियम, तर तुमची शोरूमची नोकरी सुटली कशी?"

ते टायरमध्ये हवा भरत होते. पंप थांबवला नाही. "आपल्या गावचा एक जण बांधकामावर होता. पायात सळी गेली. रस्त्यात बसलेला दिसला. मी कस्टमरची गाडी घेऊन चाललो होतो, त्यात घातला आणि दवाखान्यात नेला."

"मग कुणीतरी पाहिलं?"

"कोण बघणार? मीच फॉर्मवर लिवला. माणूस एक, अंतर चार किलोमीटर, मागच्या सीटवर रगात, पुसला." हवा पुरेशी झाली का म्हणून त्यांनी टायरला लाथ मारली. "दुसऱ्या दिवशी हिशेब हातात दिला. नियम तं नियमच."

मला त्यांचा राग आला होता, खरं सांगते. न लिहिता गप्प राहिले असते तर कुणाचं काय जाणार होतं? पण हे त्यांना विचारणं म्हणजे नदीला उलटं वाहायला सांगणं.

माझं म्हणाल तर मी तेव्हा डी.एड. होऊन घरी बसलेली, म्हणजे जव्हारात एका बालवाडीत तात्पुरती शिकवणारी आणि जिल्हा परिषदेच्या नेमणुकीची वाट बघणारी. वाडा तालुक्यातल्या आमच्या गावात माझं लग्न ठरवायला सगळे टपलेले होते. वडिलांनी एका वर्षाची मुदत दिली होती, तिचं मी रडून-भांडून दुसरं वर्ष केलं होतं. ऑर्डर आली तर मी शिक्षिका, नाहीतर मे महिन्यात मांडवात. मुलगाही बघून ठेवला होता. त्याचं किराणा दुकान होतं आणि त्याला शिकवणारी बायको नको होती.

आणि ऑर्डर आली! एका शुक्रवारी दुपारी अडीच वाजता, एसटीच्या कंडक्टरच्या हातून. पोस्टानं ती गावच्या घरी गेली होती आणि घरी ती सहा दिवस देवळीत पडून राहिली होती. का राहिली, ते मी कधी विचारलं नाही. शेवटी धाकट्या बहिणीनं ती गुपचूप कंडक्टरकडे दिली. मी उभ्या उभ्या पाकीट फाडलं. मोखाडा तालुका. पंचायत समितीत सात दिवसांच्या आत रुजू व्हावे, अन्यथा नेमणूक रद्द समजून प्रतीक्षा यादीतील पुढील उमेदवारास संधी देण्यात येईल. सातवा दिवस आजच होता. कार्यालय पावणेसहाला सुटतं.

पंचवीस किलोमीटर! काय मोठंसं, असं वाटलं ना? मलाही वाटलं. मी प्रमाणपत्रांची फाइल छातीशी धरून स्टँडवर पळत गेले, तर स्टँड रिकामा. त्या दिवशी पालघरला कुठल्याशा पुढाऱ्याची सभा होती. एसट्या प्रासंगिक करारावर गेलेल्या आणि झाडून सगळ्या जीपा माणसं भरून तिकडेच. मोखाड्याच्या दिशेला एक सायकलसुद्धा जाईना. तीन वाजले. साडेतीन वाजले. माझ्यासारखे चाळीसेक जण तिथं ताटकळत होते, पण त्यांना उद्या चालणार होता. मला उद्या नव्हता. चारला मी वळले आणि गॅरेजकडे धावत सुटले. बदली गाडी! तिची आठवण मला इतका वेळ का झाली नाही म्हणून स्वतःला शिव्या देत धावले.

गॅरेजच्या दारात बदली गाडी नव्हती. तिच्या जागी एक काळी, लांब, चकचकीत परदेशी गाडी उभी होती आणि काका तिच्याभोवती पेन्सिल घेऊन फिरत होते. त्यांचा चेहरा असा उजळला होता की एरवी मी हसले असते. मुंबईचे एक डॉक्टर आणि त्यांची बायको दाभोशाचा धबधबा बघायला निघाले होते, जव्हारच्या अलीकडे गाडीच्या पाण्याचा पाइप फुटला. काकांनी गाडी दोरानं ओढत, टोचन करून आणली, डॉक्टरांना बदली जीपची किल्ली दिली, फिरून या म्हणाले. मग फोनच्या बूथवरून आपल्या जुन्या शोरूमला फोन लावला की तुमच्या कस्टमरची गाडी इथं आहे, न्यायला या. तिकडून उत्तर आलं की घरपोच सेवा शहराच्या हद्दीपर्यंतच आहे.

"हद्द!" काका मला सांगत होते, "कस्टमरला काय हद्द असतेय? पाइप हितंच फुटला ना? मंग सेवा हितंच! मी जीपचा पाइप कापून बसवलाय. एकदम फिट!"

मी ऑर्डर त्यांच्या नाकासमोर धरली. धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांनी कागद दोनदा वाचला, घड्याळ बघायला मनगट वर केलं, ते पोस्टमनकडे होतं.

"ही गाडी चालू आहे ना?" मी विचारलं.

"चालू हाय. पण ही कस्टमरची हाय, ताई."

"काका, माझं आयुष्य जाईल!"

"नाय बसवता येत." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

मग मी जे बोलले ते आज आठवलं तरी कान तापतात. म्हटलं, तुमच्या चपला, तुमचे स्टोव्ह, तुमचे कोंबडे, सगळं नाटक आहे. दहा नंबरच्या चपला देता आणि खरी गरज लागली की नियम दाखवता. मी रडत होते आणि ओरडत होते. म्हैससुद्धा लाउंज सोडून गेली.

काकांनी पेन्सिल कानामागे खोचली. ते गाडीभोवती एक फेरी चालले. मग दुसरी. तिसऱ्या फेरीत पाइपापाशी थांबले, वाकून बघितलं, आणि एकदम ताठ झाले. "ट्रायल!" ते म्हणाले. "पाइप नवा बसवला की ट्रायल मारायची असतेय. पंचवीस जायचा, पंचवीस यायचा. आणि ट्रायलला मागच्या सीटवर कान लागतो. शोरूमला फोरमन बसायचा, मागचा आवाज ऐकायला. ताई, तुम्हांला नीट ऐकू येतो ना?"

"येतो! येतो!"

"मंग बसा. पण ऐकायचा हां. खरंच ऐकायचा. नुसता बसायचा नाय." आणि एवढ्या घाईतही त्यांनी फॉर्म काढला, बोनेटवर ठेवून भराभर काहीतरी लिहिलं, माझी सही घेतली. वाचायला मला वेळ नव्हता. मी त्या गुळगुळीत सीटवर बसले, दार लागल्याचा आवाजसुद्धा आला नाही, आणि आम्ही निघालो.

काय ती गाडी! खड्डे आहेत की नाहीत तेच कळेना. मी आयुष्यात पहिल्यांदा मोखाड्याचा रस्ता न उडता बघितला. पण काका चाळीसच्या वर जाईनात. दर वळणावर माणसं हात करत होती, काका कपाळाला हात लावून माफी मागत होते आणि मी मागे बसून लाजत होते. त्यात दर दोन किलोमीटरला गाडी थांबवून, बोनेट उघडून ते पाइपाला हात लावून बघत आणि पाच-पाच मिनिटं इंजिन गार होऊ देत. अर्धी वाट सरल्यावर पुन्हा थांबलो. पाच वाजून दहा मिनिटं.

"आवाज?" परत बसताना त्यांनी विचारलं.

आवाज येत होता. प्रत्येक डाव्या वळणाला माझ्याखाली कुठंतरी कट्-कट् होत होतं. पण ते सांगितलं असतं तर ते पुन्हा थांबले असते. "नाही," मी म्हटलं.

त्यांनी आरशातून बघितलं. "ताई, फॉर्मवर तुमची सही हाय. खोटा नका बोलू."

मला दुसऱ्यांदा रडू फुटलं. "डाव्या वळणाला, सीटखाली. काका, पण पोचल्यावर बघा ना!"

ते उतरलेच. मला खाली उतरवलं, मागची सीट उचकटून वर केली आणि आत खांद्यापर्यंत हात घातला. मी रस्त्यात पाय आपटत उभी. पाच सतरा. पाच अठरा. हात बाहेर आला तेव्हा त्यात एक दहा-अकराचा पाना होता. काकांनी त्यावरचा नंबर वाचला आणि जंगल दणाणून जाईल असं हसले. "शोरूमचा! आमच्याच शोरूमचा पाना! मेकॅनिक विसरला आणि कुणी मागं बसलाच नाय, मंग ऐकणार कोण?"

मी त्यांना अक्षरशः ढकलत गाडीत बसवलं.

मोखाड्याला पंचायत समितीच्या फाटकात शिरलो तेव्हा पाच पस्तीस झाले होते. शुक्रवार होता, पुढं दोन दिवस सुट्टी. कपाटांना कुलपं लागली होती, कारकून पिशव्या घेऊन पायऱ्या उतरत होते. समोरून काळी परदेशी गाडी येते, ड्रायव्हर उतरून मागचं दार उघडतो, आतून फाइल घेतलेली एक बाई उतरते. पायऱ्यांवरचे सगळे जागच्या जागी थिजले आणि मग जी पळापळ झाली! दोघे मागच्या दारानं आत धावले. शिपायानं माझ्या हातातली फाइल घेतली. कुणीतरी पंखा लावला, कुणीतरी कपाटाचं कुलूप काढलं. मोठे बाबू शर्टाचं वरचं बटण लावत उभे राहिले, "या मॅडम, या." मी नुसती ऑर्डर पुढं केली. बाबूंनी ती दोन्ही हातांनी घेतली, न वाचता हजेरीबुक काढलं, बोट ठेवून सहीची जागा दाखवली. मी सही केली. त्यांनी वेळ टाकली, पाच एकेचाळीस, आणि शिक्का मारला.

मग त्यांनी ऑर्डर वाचली.

"तुम्ही... रुजू व्हायला आलात?"

"हो."

"मग ती गाडी?"

"ट्रायलला आहे," मी म्हणाले.

बाबूंचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यांना हसू आवरेना. ते खुर्चीत बसले आणि मागवलेला चहा त्यांनी मलाच दिला. बशी हातात घेतली तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं. झालं! झालं, झालं, झालं! त्या खोलीत मी नाचले नाही एवढंच. किराणा दुकान गेलं उडत.

बाहेर मात्र गलका सुरू झाला होता. धावत गेले तर फाटकात आमची करडी बदली जीप. आत माणसं, वर टपावर माणसं, मागच्या पायरीवर लटकलेली माणसं. स्टिअरिंगवर घामानं भिजलेले डॉक्टर, शेजारी त्यांची बायको, तिच्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी. ही जीप लाइनला सगळ्यांच्या ओळखीची. दाभोशाच्या रस्त्यावर ती दिसली तसे लोक हात करून, काही तर हात न करता, चढले. ड्रायव्हर नवा दिसतो, एवढंच त्यांना वाटलं असणार. डॉक्टरांना नाही म्हणायची संधीच मिळाली नाही. ते जव्हारला पोचले तर गॅरेजला कुलूप आणि गाडी गायब. शेजारच्या चहावाल्यानं सांगितलं, "तुमची गाडी मोखाड्याला गेली, मागं एक बाई बसवून." तेवढ्यात स्टँडवरचे चाळीस जण जीपवर तुटून पडले, एक म्हातारी म्हणाली, "चल रं पोरा, मोखाडा," आणि पन्नाशीचे डॉक्टर निघाले.

"माझी गाडी चोरून फिरवता?" ते उतरता उतरता ओरडले. "तुमच्यावर विश्वास टाकला मी!"

काकांनी टाचा जुळवल्या. शोरूममध्ये उभे राहत असतील तसे उभे राहिले आणि फॉर्म पुढं केला. "सर, नियम मोडला. गाडीत माणूस बसवला. सगळा लिवलाय. तक्रारीला खाली जागा हाय." मला तेव्हा पायात सळी गेलेला तो माणूस आठवला. माझ्यासाठी यांनी दुसऱ्यांदा तेच केलं होतं. गॅरेजवाल्याला कुणी नोकरीवरून काढत नाही, हे खरं. पण या माणसाकडे नावाशिवाय होतं काय?

डॉक्टरांनी फॉर्म वाचला. मी आत असताना काकांनी खाली भर घातलेल्या एका ओळीवर थांबले. "पाना? मागच्या सीटखाली?" त्यांनी बायकोकडे बघितलं. "दोन वर्षं मी सांगतोय ना, मागे काहीतरी वाजतं! चार वेळा गाडी नेली त्यांनी, चार वेळा म्हणाले, साहेब, आवाज नाहीच!" काकांनी खिशातून पाना काढून त्यांच्या हातावर ठेवला. डॉक्टरांनी तो उलटसुलट करून पाहिला. मग त्यांनी मागं वळून टपावरून उतरणाऱ्या, पोती खाली टाकणाऱ्या, त्यांनाच "पिशवी धर रं" म्हणणाऱ्या माणसांकडे बघितलं.

"तुम्ही एक बसवलात," ते म्हणाले, "मी किती बसवले ते मोजताच आले नाहीत." आणि कोंबडीसकट त्यांची बायको हसायला लागली. तक्रारीची जागा कोरीच राहिली.

डॉक्टर पुढं वाचत होते. "ऐकणाऱ्याचं नाव, तुम्हीच का? व्यवसाय, प्राथमिक शिक्षिका, तालुका मोखाडा. वेळ, चार वाजून दहा मिनिटं." त्यांनी मान हलवली. "तरीच. शिक्षकांचे कान तिखट असतात."

मी काकांकडे बघितलं. चार दहाला मी गॅरेजच्या दारात नाक पुसत उभी होते. माझ्या हातात एक कागद होता आणि जायला गाडी नव्हती.

"काका, चार वाजता मी कुठं शिक्षिका होते?"

"मंग काय लिवू?" ते चिडूनच म्हणाले. "फॉर्मवर खोटा लिवायचा?"

माझ्या सेवापुस्तकात रुजू झाल्याची वेळ पाच एकेचाळीस अशी आहे. ती चुकीची आहे.